इंग्लंडमधलं जुनं गावचर्च कसं पाहावं: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

इंग्लंडमध्ये शिकायला, नोकरीला किंवा मुलांकडे महिना-दोन महिने राहायला आलेल्या आपल्या मंडळींचं एक ठरलेलं असतं. शनिवारी गाडी काढायची, एखादं टुमदार खेडं गाठायचं, चहा-केक घ्यायचा आणि जाता जाता तिथल्या चर्चमध्ये डोकवायचं. दार उघडंच असतं, आत चिटपाखरू नसतं. पाचव्या मिनिटाला ‘छान आहे, खूप जुनं आहे’ म्हणत सगळे बाहेर.

दाराजवळच्या पाटीवर ‘बाराव्या शतकातलं चर्च’ असं लिहिलेलं असतं. ते अर्धंच खरं असतं. दाराची कमान बाराव्या शतकातली असेल, पण पूर्वेची खिडकी चौदाव्या, मनोरा पंधराव्या आणि बाकं थेट व्हिक्टोरिया राणीच्या काळातली असतात. म्हणून ‘हे चर्च कधी बांधलं?’ हा प्रश्न घरीच ठेवून निघा. त्याऐवजी प्रत्येक भिंतीपुढे उभं राहून विचारा: इथे मूळचं काय आणि मागाहून घुसवलेलं काय? मला या इमारती कळायला लागल्या त्या हा प्रश्न बदलल्यावर. पुढच्या पायऱ्या त्यासाठीच आहेत.

१. निघण्यापूर्वी

तिकीट नाही, ओळखपत्र नाही, नावनोंदणी नाही. चर्च ऑफ इंग्लंडकडे सुमारे १६,००० चर्च आहेत आणि त्यांतली १२,००० हून अधिक संरक्षित इमारतींच्या यादीत आहेत, म्हणजे कुठेही राहत असलात तरी एखादं जवळपास सापडेलच. सोबत एवढं असू द्या:

- ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या सरकारी नकाशासंस्थेचा नकाशा, कागदी किंवा फोनवरचा. त्यात नुसती फुली म्हणजे मनोरा नसलेलं प्रार्थनास्थळ, काळ्या चौकोनावर फुली म्हणजे मनोऱ्याचं आणि काळ्या गोलावर फुली म्हणजे स्पायरचं, टोकदार निमुळत्या कळसाचं. ही खूण कळली की गाडीतूनच निवड करता येते.
- छोटी दुर्बीण. छतावरचे देवदूत आणि मनोऱ्यावरची चिन्हं तिच्याशिवाय दिसत नाहीत.
- टॉर्च. प्रकाश समोरून न मारता भिंतीला समांतर मारा. खोडलेली अक्षरं, छिन्नीचे घाव, बुजवलेल्या दाराची कड, सगळं उठून दिसतं.
- स्वेटर. जुलैमध्येसुद्धा.
- दानपेटीसाठी सुटे पैसे. हल्ली बऱ्याच ठिकाणी कार्ड टेकवायचं यंत्रही असतं.

रविवारी सकाळी प्रार्थना चालू असते आणि उन्हाळ्यातल्या शनिवारी लग्नं असतात. आठवड्यातला मधला दिवस उत्तम. कुलूप दिसलं तर लगेच परत फिरू नका. पोर्चमधल्या फलकावर किल्ली कुणाकडे मिळेल ते बहुधा लिहिलेलं असतं. जिथे आता नेहमीची उपासना होत नाही अशी साडेतीनशेहून अधिक चर्च ‘चर्चेस कॉन्झर्व्हेशन ट्रस्ट’ सांभाळतो. त्यांतली बरीचशी दिवसा उघडी असतात, आणि गर्दी नसल्यामुळे शिकायला तीच बरी.

बूट काढायची गरज नाही. फक्त शेतातून चालत आला असाल तर चिखलाचे बूट पोर्चमध्ये ठेवा. पुरुषांनी टोपी काढायची. फोटो काढायला सहसा कुणी हरकत घेत नाही, पण कुणी प्रार्थनेला बसलं असेल तर थांबा.

वाचायचं काय? जुन्या वास्तूंची यादी ठेवणाऱ्या ‘हिस्टॉरिक इंग्लंड’ या सरकारी संस्थेच्या संकेतस्थळावर प्रत्येक संरक्षित चर्चची नोंद फुकट मिळते. वास्तुकलेचे इतिहासकार निकोलस पेव्हस्नर यांनी १९५१ ते १९७४ या काळात इंग्लंडमधल्या इमारतींवर काउंटीवार (जिल्हावार) ग्रंथ काढले, ते सार्वजनिक वाचनालयात असतात. माझं मत विचाराल तर हे सगळं पाहून आल्यावर वाचा. आधी वाचलं की डोळे तेवढंच शोधतात.

२. पूर्व-पश्चिम लावून घ्या

चर्चची लांबी पूर्व-पश्चिम असते. पूर्वेच्या टोकाला वेदी, पश्चिमेला बहुधा मनोरा. फोनचं होकायंत्र एकदा लावलं की माहितीपत्रकातलं ‘उत्तरेचा आइल’, ‘दक्षिण पोर्च’ वगैरे आपोआप उलगडत जातं.

आपल्या देवळाचा आराखडा डोळ्यांपुढे आणला तर सोपं जाईल: लोक जमायचे तो लांबट नेव्ह म्हणजे सभामंडप, आणि त्यापुढे पाद्रीबाबांचा, वेदीचा चॅन्सेल म्हणजे गाभारा. दोघांच्या मधे चॅन्सेलची कमान. नेव्हच्या दोन्ही अंगांना खांबांच्या रांगेपलीकडे जी अरुंद दालनं असतात ते आइल.

ही विभागणी नुसती धार्मिक नव्हती, पैशाचीही होती. चॅन्सेलची डागडुजी रेक्टरने, म्हणजे गावाकडून चर्चसाठीचा दशांश कर घेणाऱ्याने करायची, नेव्हची गावकऱ्यांनी, अशी मध्ययुगातली वाटणी होती. त्यामुळे लोकरीच्या धंद्यात गबर झालेल्या गावांत नेव्ह उंच, लख्ख, खिडक्याच खिडक्या, आणि चॅन्सेल मात्र तीनशे वर्षं जुना, बुटका, असं दृश्य पुष्कळदा दिसतं. कुणाचा खिसा गरम होता ते छताच्या उंचीवरूनच कळतं.

घर घ्यायच्या विचारात असणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवा. बऱ्याच चर्चची रेक्टरी, म्हणजे रेक्टरचे हक्क आणि जमिनी, मठांकडे होती. आठव्या हेन्रीने मठ मोडीत काढल्यावर त्या जमिनी खासगी लोकांकडे गेल्या आणि त्यांच्याबरोबर चॅन्सेलच्या दुरुस्तीची जबाबदारीही गेली. वॉरिकशरमधल्या अ‍ॅस्टन कँटलो या गावात अशा जमिनीच्या मालकांवर दुरुस्तीचा बोजा येऊन पडला, आणि २००३ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने, तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयाने, तो वैध ठरवला. घरखरेदीच्या वेळी तुमचा सॉलिसिटर ‘चॅन्सेल रिपेअर’ची चौकशी करून त्याचे पैसे का लावतो, ते यावरून कळेल.

३. आत जाण्याआधी बाहेरून पूर्ण फेरी मारा

ही पायरी लोक हमखास गाळतात. आत गेल्यावर रंगीत काचा आणि थडगी लक्ष वेधून घेतात. इमारतीने काय काय सोसलंय ते बाहेरच्या भिंती जास्त उघडपणे सांगतात.

आधी दगड पाहा. मध्ययुगात दगड लांबून आणणं फार महाग, म्हणून बांधकाम होई ते जवळपास मिळेल त्यातच. कॉट्सवोल्ड्समध्ये मधाच्या रंगाचा चुनखडी, नॉर्थहॅम्प्टनशरमध्ये लोहयुक्त तांबूस दगड, नॉरफक-सफकमध्ये फक्त फ्लिंट, म्हणजे शेतात सापडणारे गारगोटीचे गोटे. फ्लिंटला कोपरा काढणं जिकिरीचं. तिकडे गोल मनोऱ्यांची इतकी चर्च का, याचं एक स्पष्टीकरण म्हणून हेच सांगतात. सगळ्या अभ्यासकांना ते पटत नाही. पण चांगला घडीव दगड फक्त कोपऱ्यांना आणि खिडक्यांच्या चौकटींना, बाकी भिंत गोट्यांची, हे मात्र तिथे सर्रास दिसेल.

मग सांधे शोधा. नंतर जोडलेल्या भागाची भिंत जुन्या भिंतीत विणली जात नाही; मधे एक उभी सरळ फट राहते. अशी फट दिसली की तिच्या दोन बाजू दोन वेगळ्या काळांतल्या. बुजवलेलं दार शोधा: कमान दिसते, आतला भाग निराळ्या दगडाने भरलेला. उत्तरेकडचं दार असं बुजवलेलं फार ठिकाणी आढळतं.

मनोऱ्याच्या पूर्वेच्या अंगावर, नेव्हच्या छताच्या वर नजर टाका. तिथे उलट्या ‘व्ही’सारखी दगडाची पुढे आलेली रेघ दिसली तर ती जुन्या छताची खूण. पूर्वीची छपरं चढी असायची. पंधराव्या शतकात नेव्हच्या भिंती उंचावून वर खिडक्यांची ओळ काढायची आणि शिशाच्या पत्र्याचं जवळजवळ सपाट छप्पर घालायचं, अशी लाट आली. जुनं छप्पर गेलं, त्याची रेघ मनोऱ्यावर राहिली. काही मनोऱ्यांवर अशा दोन रेघा मिळतात.

दक्षिणेच्या भिंतीवर किंवा पोर्चच्या दारापाशी, छातीच्या उंचीवर, दगडात कोरलेलं तळहाताएवढं अर्धवर्तुळ सापडतं का पाहा. मधे एक भोक आणि त्यातून निघालेल्या किरणांसारख्या रेघा. भोकात काडी बसवायची. तिची सावली कुठल्या रेघेवर पडते त्यावरून उपासनेची वेळ ठरायची. टॉर्च आडवा धरा, नाहीतर नुसतेच ओरखडे वाटतात.

सावधगिरी: काळवंडलेला, झिजलेला दगड म्हणजे जास्त जुना, असं धरून चालू नका. मऊ दगड शंभर वर्षांत भुसभुशीत होतो आणि कडक दगडावरचे बाराव्या शतकातले घाव अजून ताजे दिसतात.

४. खिडक्या वाचायला शिका

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. खिडकीचा वरचा भाग ओळखता आला की निम्मं काम झालं. आज सगळे जी नावं वापरतात ती थॉमस रिकमन याने १८१७ मध्ये पक्की केली. तो इमारतींचा नादी, पुढे स्वतःच वास्तुविशारद झाला. बांधणाऱ्यांना ही नावं अर्थातच ठाऊक नव्हती.

नॉर्मन म्हणजे १०६६ मध्ये उत्तर फ्रान्समधून येऊन इंग्लंड जिंकणारे. त्यांच्या आधीचं, म्हणजे सॅक्सन काम थोडंच उरलंय. डरहॅम काउंटीतल्या एस्कम्बचं चर्च सातव्या शतकातलं आहे आणि त्याला जवळच्या रोमन किल्ल्याचे दगड वापरलेत. सॅक्सन खिडक्या म्हणजे उंचावरची छोटी भोकं, कधी वर दोन दगड तिरपे टेकवून केलेला त्रिकोण. कोपऱ्यांवर एक दगड उभा, एक आडवा, पुन्हा उभा. असा कोपरा दिसला तर लगेच पुढे जाऊ नका, दुर्मीळ चीज आहे.

नॉर्मन, १०६६ ते साधारण ११९०: गोल कमान. खिडकी बाहेरून अरुंद दिसते, पण आत जाऊन पाहा, भिंतीच्या जाडीत ती दोन्ही बाजूंना पसरत जाते, म्हणजे थोडक्या भोकातून जास्त उजेड. कमानीवर नागमोडी कोनांची नक्षी, आणि खूप खर्च केला असेल तर चोची वाकवून बसलेली पक्ष्यांची मुंडकी.

अर्ली इंग्लिश, ११९० ते १२५० च्या आसपास: कमान टोकदार झाली. खिडक्या उंच, अरुंद, भाल्याच्या पात्यासारख्या; त्यांना लॅन्सेट म्हणतात. पूर्वेच्या भिंतीत तीन लॅन्सेट शेजारी शेजारी आणि मधली उंच, ही या काळातली आवडती मांडणी.

डेकोरेटेड, १२५० ते १३५०: शेजारच्या लॅन्सेटना एकाच मोठ्या कमानीखाली घेतलं की वर रिकामी जागा उरते. ती दगडी जाळीने भरायची, ती ट्रेसरी. सुरुवातीला वर्तुळं आणि तीन-चार पाकळ्यांची फुलं, कंपासने काढल्यासारखी. चौदाव्या शतकात रेषा वळायला लागल्या, ज्योतींसारख्या वर गेल्या. लिंकनशरमधल्या हेकिंग्टनला हे सगळं भरभरून पाहायला मिळतं. मला विचाराल तर इंग्रज गवंड्याचा हात एवढा मोकळा पुन्हा कधी सुटला नाही.

मग १३४८-४९ ची प्लेगची साथ आली. कित्येक ठिकाणी काम अर्ध्यावर राहिलं. कारागीर मेले, मजुरी वाढली. त्यानंतरच्या इमारतींचा नूर वेगळा आहे. मात्र सरळ रेघांची नवी शैली साथीमुळे जन्मली असं म्हणू नका. ती साथीआधीच ग्लॉस्टरला दिसायला लागली होती.

पर्पेंडिक्युलर, १३५० ते १५४०: खिडकीतले उभे दगडी दांडे कमानीपर्यंत सरळ वर जातात, वळत नाहीत. ओळखायचं ते यावरूनच. वरचा भाग उभ्या चौकटींचा. कमान पुढे पुढे चपटी होत गेली. खिडकी इतकी रुंद की भिंत नावापुरती. हा लोकरीच्या पैशाचा काळ: सफकमध्ये लॅव्हनम आणि लाँग मेलफर्ड, कॉट्सवोल्ड्समध्ये नॉर्थलीच आणि चिपिंग कॅम्डन. लॅव्हनमच्या ४३ मीटर उंच मनोऱ्यावर कापडाचे व्यापारी स्प्रिंग यांची चिन्हं कोरलेली आहेत. लाँग मेलफर्डला तर देणगीदारांची नावंच बाहेरच्या भिंतीवर दगडी अक्षरांत फिरवलीत, ‘यांच्या आत्म्यासाठी प्रार्थना करा’ या विनंतीसह. नॉर्थलीचमध्ये जमिनीतल्या पितळी पत्र्यांवर व्यापाऱ्यांच्या पायांखाली मेंढी आणि लोकरीचं पोतं आहे. लपवाछपवी नाहीच.

आता खरी मेख. खिडकी भिंतीचं वय सांगत नाही. उजेड हवा म्हणून नॉर्मन भिंत फोडून पंधराव्या शतकातली खिडकी बसवणं रोजचंच होतं. खिडकीच्या कडेचे दगड आणि भिंतीचे दगड जुळतात का, एका बाजूला जुन्या कमानीचा तुकडा शिल्लक आहे का, ते पाहा. शिवाय आडगावात नवी पद्धत वीस-तीस वर्षं उशिरा पोचे. वरच्या तारखा रेल्वेच्या वेळापत्रकासारख्या धरू नका.

५. दार आणि पोर्च

खिडक्या बदलल्या, भिंती वाढवल्या, पण नक्षीचं जुनं दार टाकून द्यायला लोकांचं मन होत नसे. आइल वाढवला तरी तेच दार उचलून नव्या भिंतीत बसवत. त्यामुळे नॉर्मन दार असलेल्या भिंतीचं वय चौदाव्या शतकातलं असू शकतं. चर्चमधली सर्वांत जुनी गोष्ट दार असणं हे नेहमीचंच आहे.

एकच दार पाहायचं असेल तर हेरफर्डशरमधलं किलपेक गाठा. ११४० च्या आसपासचं छोटंसं चर्च, लालसर वालुकाश्म. दक्षिणेच्या दारावर एकमेकांत गुंतलेले साप, वेली, पानांतून डोकावणारे चेहरे. छपराखाली सगळीकडे कोरीव मुंडकी आहेत. त्यांत शेजारी शेजारी बसलेले कुत्रा आणि ससा कोणत्याही चित्रकथेत शोभतील. आणि एक उघडीवाघडी स्त्रीमूर्तीही आहे. ती चर्चवर का, यावर अजून एकमत नाही. आई-बाबांना घेऊन गेलात तर तयारीत असा.

पोर्च म्हणजे नुसता आडोसा नव्हता. लग्नाचा पहिला भाग दारातच होई, करारमदार तिथे होत. वर खोली असेल तर आतल्या भिंतीत अरुंद जिना शोधा.

६. आत गेल्यावर

मधोमध उभे राहा, पश्चिमेकडे पाठ करा आणि डाव्या-उजव्या खांबांची तुलना करा. दोन्ही रांगा सारख्या असतील तर एका दमात झालेलं काम. बहुतेक वेळा नसतात. एका बाजूला जाडजूड गोल खांब आणि गोल कमानी, दुसऱ्या बाजूला अष्टकोनी खांब आणि टोकदार कमानी, म्हणजे एक आइल बाराव्या-तेराव्या शतकात जोडला आणि दुसरा त्यानंतर. आइल जोडायचा म्हणजे चालू चर्चची बाहेरची भिंत पोखरून खांब करायचे. कमानींच्या वर जुन्या भिंतीचा भाग तसाच लटकत राहतो, आणि कधी कधी त्यात अर्धी कापली गेलेली जुनी खिडकी दिसते. ती सापडली की दिवस सार्थकी लागला समजा.

फॉन्ट, म्हणजे बाप्तिस्म्याचं दगडी पात्र, दाराजवळ असतं. ते सहजासहजी फेकून देत नसत, त्यामुळे नव्या चर्चमध्ये जुना फॉन्ट मिळतो. त्याच्या वरच्या काठावर बोट फिरवा. दोन समोरासमोरच्या जागी दगड फुटलेला किंवा शिसं भरलेलं लागेल. मंतरलेलं पाणी चोरून जादूटोण्याला नेतील या भीतीने फॉन्ट कुलुपात ठेवा, असा हुकूम कँटरबरीचे आर्चबिशप एडमंड यांनी १२३६ मध्ये काढला. झाकणाच्या कड्या उखडल्याच्या त्या खुणा. सफकमधल्या अफर्डला या झाकणाचा पाच मीटरहून उंच कोरीव लाकडी मनोराच करून टाकलाय.

छताकडे दुर्बीण लावा. ईस्ट अँग्लियात, म्हणजे नॉरफक-सफकच्या पट्ट्यात, तुळयांच्या टोकांवर पंख पसरलेले लाकडी देवदूत आहेत. केंब्रिजशरमधल्या मार्चला ते शंभराहून अधिक.

चॅन्सेलमध्ये दक्षिणेच्या भिंतीत कोनाडा आणि त्यात भोकाचं दगडी ताट दिसेल, ते पिसीना: पात्रं धुतलेलं पाणी थेट जमिनीत सोडायची सोय. शेजारची तीन दगडी आसनं पाद्र्यांची. नेव्हच्या किंवा आइलच्या पूर्वेकडच्या भिंतीत असाच कोनाडा सापडला, तर तिथे पूर्वी आणखी एक वेदी होती.

७. जे नाहीये ते शोधा

मध्ययुगातलं चर्च आतून रंगलेलं होतं. चॅन्सेलच्या कमानीवर शेवटच्या न्यायाचं (जगाच्या अंती देव माणसांचा निवाडा करतो त्याचं) चित्र, खाली नक्षीदार लाकडी पडदा, त्यावर मचाण आणि त्यावर क्रूसावरचा येशू. सोळाव्या शतकातल्या धर्मक्रांतीत (इंग्लंड कॅथलिक पंथ सोडून प्रोटेस्टंट झालं तेव्हा), खास करून १५४७ नंतर, मूर्ती गेल्या, चित्रांवर चुना फासला गेला, १५५० मध्ये दगडी वेद्या हलवायचे हुकूम निघाले.

खुणा उरल्यात. चॅन्सेलच्या कमानीशेजारी भिंतीत उंचावर एक छोटं दार दिसतं, पलीकडे काहीच नाही. ते त्या मचाणावर जायचं दार. फरशीत एखादी लांब शिळा आणि तिच्यावर चार कोपऱ्यांत नि मधे असे पाच छोटे क्रूस दिसले, तर ती जुनी वेदी, पायदळी गेलेली.

सफकमधल्या वेनहॅस्टनची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. तिथे कमानीत लाकडी फळ्या होत्या, त्यांवर पांढरा चुना. १८९२ मध्ये दुरुस्तीत त्या काढून आवारात टाकल्या. रात्री पाऊस पडला, चुना धुऊन गेला आणि सकाळी फळ्यांवर शेवटच्या न्यायाचं चित्र: आत्मे तोलणारा सेंट मायकेल, नरकाचा जबडा, सगळं जसंच्या तसं. आज ते चर्चमध्येच लावलेलं आहे. मधे जिथे मूर्ती जडवल्या होत्या तिथे त्यांचे रिकामे आकार दिसतात.

८. ऐकीव गोष्टींपासून सावध

गावातले आजोबा प्रेमाने सांगतील, हसून ऐका, पण लिहून घेऊ नका:

- पाय आडवे टाकलेला दगडी सरदार म्हणजे धर्मयुद्धावर गेलेला. नाही, ती तेव्हाची शिल्पशैली.
- चॅन्सेल जरा तिरका, कारण येशूचं डोकं क्रूसावर कललं होतं. बांधणाऱ्यांची रेघ चुकली, बाकी काही नाही.
- भिंतीतली खालची छोटी खिडकी कुष्ठरोग्यांसाठी. याला पुरावा नाही.
- सफकमधल्या ब्लिदबरोच्या छतावरच्या देवदूतांना प्युरिटनांनी, म्हणजे मूर्तींना विरोध करणाऱ्या कडव्या प्रोटेस्टंटांनी, गोळ्या घातल्या. देवदूतांमध्ये छर्रे सापडले खरे, आणि १६४४ मध्ये मूर्तिभंजक विल्यम डाउसिंग तिथे आलाही होता. पण ते छर्रे अठराव्या शतकातले, छतावरच्या कावळ्यांवर झाडलेले.

खरा सापळा मात्र व्हिक्टोरियन लोकांचा. १८४० नंतर बहुतेक गावचर्च ‘जीर्णोद्धारा’तून गेली. गिलावा खरवडून दगड उघडे पाडले, चकचकीत रंगीत टाइल्स बसवल्या, पर्पेंडिक्युलर खिडक्या काढून ‘जास्त शुद्ध’ म्हणून नव्या लॅन्सेट घातल्या. हा धुडगूस पाहूनच कलावंत-लेखक विल्यम मॉरिसने १८७७ मध्ये जुन्या इमारतींच्या संरक्षणासाठी संस्था काढली. ओळखायचं कसं? कडा अतिशय धारदार, सगळे दगड एकाच रंगाचे, नक्षीची प्रत्येक प्रत तंतोतंत सारखी. मध्ययुगातल्या कारागिराची दोन फुलं सहसा सारखी येत नाहीत. रंगीत काचा बहुतांशी त्याच काळातल्या. मध्ययुगातली काच खिडकीच्या अगदी वरच्या जाळीत तुकड्या-तुकड्यांनी उरते, कारण तिथे दगड पोचायचा नाही. ग्लॉस्टरशरमधलं फेअरफर्ड याला अपवाद: तिथे २८ खिडक्यांचा १५०० च्या आसपासचा अख्खा संच शाबूत आहे.

९. पहिला सराव: इफली

ऑक्सफर्डला येणारे आपले बरेच असतात, त्यांनी शहराच्या दक्षिणेला नदीकाठाने चालत इफलीला जावं. बसही जाते. तिथलं सेंट मेरीचं चर्च ११६० च्या दशकातलं. आइल नाहीत, फाटे नाहीत: नेव्ह, मधे मनोरा, पुढे चॅन्सेल. नवख्याला यापेक्षा सुटसुटीत आराखडा मिळणार नाही.

पश्चिमेच्या दारापासून सुरुवात करा: पक्ष्यांची मुंडकी आणि नागमोडी नक्षी खालपासून वरपर्यंत. त्याच्या वरची गोल खिडकी पाहा आणि आठवी पायरी आठवा. ती १८५६ मध्ये बसवलेली आहे. मग दक्षिणेचं दार. कोरीव काम अजून ठसठशीत, कारण बराच काळ ते झाकलेलं होतं. आत पूर्वेकडे चालत जा. चॅन्सेलचं छत नॉर्मन नक्षीच्या फासळ्यांचं, आणि पुढे एकदम फासळ्या सडपातळ होतात, खिडक्या लॅन्सेट. तिथे तेराव्या शतकातली वाढ सुरू होते. तो सांधा तुमचा तुम्ही शोधा.

बाहेर चॅन्सेलच्या दक्षिणेच्या भिंतीत बुजवलेली कमान आहे. १२३२ पासून अनोरा नावाची सरदारघराण्यातली स्त्री इथे स्वतःला खोलीत कोंडून घेऊन एकांतवासात राहिली. राजा तिसरा हेन्री तिला सरपण आणि कपडे पाठवी. ती खोली इथेच असावी असं मानतात.

१०. इंग्लंडला जायचं नसेल तर

मुंबईत बसून सराव करता येतो. फोर्टमध्ये विद्यापीठाचा दीक्षान्त सभागृह आणि राजाबाई टॉवर ज्याने आखला तो जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट इंग्लंडमधल्या असंख्य जुन्या चर्चची डागडुजी करणाराच. मुंबईत पाऊल न टाकता त्याने लंडनहून नकाशे पाठवले. कुलाब्याचं अफगाण चर्च, १८५८ चं, तर तेराव्या शतकातल्या इंग्रजी चर्चच्या धर्तीवरच उभं केलेलं आहे: नेव्ह, आइल, चॅन्सेल, स्पायर, लॅन्सेट खिडक्या. खांबांच्या दोन्ही रांगा ताडून पाहा, बाहेरून फेरी मारा, सांधे शोधा. सापडणार नाहीत, सगळं एका आराखड्याने उभं राहिलंय. एका काळातली भिंत कशी दिसते ते तिथे डोळ्यांत भरून घ्या, म्हणजे किलपेकला किंवा इफलीला गेल्यावर कुठे काय विजोड आहे ते पटकन खुपेल.